पोच

त्या शुक्रवारी सकाळी टाकळझरीतल्या निम्म्या मोबाइलांवर एकच फोटो झळकत होता. वर सरकारी मुद्रा, मध्ये टंकलेला मजकूर, खाली साहेबांची सही. फोटोच्या कडेनं कोणीतरी हौसेनं गुलाबाची फुलं, फटाके आणि ‘भावी सरपंच पवनभाऊ’ अशी लाल अक्षरं चिकटवली होती.

तो पवनचा राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश होता. पवन गावचा पोलीस पाटील. सरकारचं मानधन घेणाऱ्या माणसाला गावची निवडणूक लढवता येत नाही, आधी पद सोडावं लागतं. पवननं ते सोडलं होतं, वरून मंजुरीही आली होती, आणि त्याचे वडील जगदेवभाऊ, जे स्वतः तीन वेळा सरपंच राहिले होते, त्यांनी तो कागद साऱ्या गावाला दाखवून टाकला. त्यात वावगं काही नव्हतं. घोटाळा एवढाच झाला, की तो कागद रूपालाही दिसला.

गावानं तो वाचायचा तसाच वाचला. वरच्या दोन ओळी, ‘मंजूर’ हा शब्द, आणि पुढे अंगठ्याचं चित्र. रूपानं मात्र चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिची ही पाच वर्षांची सवय होती. शेवटची ओळ अशी होती: ‘गावचे दप्तर व शिक्का लगतच्या गावच्या पोलीस पाटलाकडे सुपूर्द केल्याच्या दिनांकापासून त्यांना कार्यमुक्त समजण्यात यावे.’

रूपानं ती ओळ तीनदा वाचली.

“अवं, दूध!” अंगणातून तिचा नवरा धम्मरत्न ओरडला. तो गवंडी होता, कामावर निघायच्या घाईत होता, आणि त्याच्या चहाचं दूध शेगडीवरून खाली वाहत होतं.

“जाऊ दे.”

“जाऊ दे? काय वाचून राह्यली एवढं?”

“पवनचा राजीनामा.”

“मंजूर झाला म्हनतेत ना.”

“मंजूर झाला,” रूपा म्हणाली. “पन पवन अजून सुटला नाही.”

धम्मरत्ननं तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. असं हसताना त्यानं तिला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते हसू काही चांगलं वाटलं नाही.

पाच वर्षांपूर्वी रूपा गुरांच्या दवाखान्यात परिचर होती. जिल्हा परिषदेची कायम नोकरी. मारका बैल खोड्यात घातला, की डॉक्टर येईपर्यंत ती त्याच्या मानेवरून हात फिरवत त्याच्याशी बोलत राहायची, आणि बैल तेवढ्या वेळापुरता मारका राहायचा नाही. त्या वर्षी गावच्या निवडणुकीत तिच्या वॉर्डातली जागा बाईसाठी सुटली. बौद्धवस्तीतल्या नळाला तीन उन्हाळे पाणी आलं नव्हतं. वस्तीतल्या बायका तिच्या मागे लागल्या, की तू शिकलेली आहेस, तू उभी राहा.

त्याच आठवड्यात जगदेवभाऊ पाय सुजलेला बैल घेऊन दवाखान्यात आले.

“उभी राहून राह्यली म्हनते?”

“बायका म्हनतेत, भाऊ. पन नोकरी हाये ना.”

“नोकरीवाल्याले नाही जमत. राजीनामा द्या लागते.” जगदेवभाऊंनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. “दे अर्ज, दुसऱ्या परतीवर पोच घे, शिक्का मारून. बस झालं. तीन येळा सरपंच राह्यलो, मले नाही ठाऊक तं कोनाले ठाऊक?”

पोच म्हणजे कार्यालयानं तुमचा कागद घेतल्याची खूण. आवक क्रमांक, तारीख आणि एक गोल शिक्का. रूपानं राजीनामा दिला, पोच घेतली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी छातीशी धरली आणि उमेदवारीचा अर्ज भरला.

मग छाननीचा दिवस आला. भरलेले अर्ज त्या दिवशी अधिकारी सगळ्या उमेदवारांसमोर एकेक करून तपासतात, आणि ज्याला हरकत घ्यायची त्यानं तिथंच घ्यायची असते. रूपाचं नाव पुकारलं गेलं, तसे जगदेवभाऊ उठले. तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईचं नाव सुचवणारे सूचक तेच होते, हे तिला तिथं बसल्यावर कळलं.

“साहेब, या बाईनं राजीनामा देला खरा. पन मंजूर झाला का? मंजुरीचा कागद दाखव म्हना.”

रूपानं पिशवीतून कागद काढला. अधिकाऱ्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. “बाई, ही तर पोच आहे. मंजुरी कुठं आहे? तुम्ही आजच्या तारखेला नोकरीतच आहात.”

“पन जगदेवभाऊनंच मले...” रूपा म्हणायला गेली.

जगदेवभाऊ हसले. “बाई, पोच म्हंजे पोचलं. मंजूर म्हंजे मंजूर. आधी शिकून ये.”

खोलीत वीसेक माणसं होती. सगळी हसली. पाणी घेऊन आलेला शिपाईही हसला. अर्ज बाद झाला. राजीनामा परत घेण्यासाठी रूपा तशीच वाशीमला धावली, पण कागद वर गेला होता. नवव्या दिवशी मंजुरी घरपोच आली. उमेदवारीही गेली आणि नोकरीही.

गावाला मात्र एक नवं नाव मिळालं. पोचबाई. पिठाच्या गिरणीवर, बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात. तिची मुलगी सातवीत होती, तिला शाळेतली पोरं ‘पोचबाईची पोरगी’ म्हणायला लागली. एक दिवस मुलगी घरी आली आणि तिनं दप्तर भिंतीवर फेकून मारलं. त्या दिवशी रूपानं काही ठरवलं. काय ठरवलं ते तिनं धम्मरत्नलाही सांगितलं नाही.

‘आधी शिकून ये’ असं जगदेवभाऊ म्हणाले होते. रूपानं ते अक्षरशः मनावर घेतलं. तहसील कचेरीच्या बाहेर कडुनिंबाखाली ती एक स्टूल टाकून बसू लागली आणि लोकांना अर्ज लिहून देऊ लागली. वारस नोंदी, रेशन कार्डं, निराधारांची प्रकरणं. पाच वर्षांत तिच्या हाताखालून जे कागद गेले, त्यांतून ती एकच गोष्ट शिकली, आणि समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ती न कंटाळता समजावून सांगायची: कागद दिला तो एक दिवस, पोचला तो दुसरा दिवस, मंजूर झाला तो तिसरा, आणि माणूस खरा सुटला तो चौथा. चारही दिवस वेगळे असतात, बाई. म्हणून शेवटची ओळ आधी वाचायची.

जगदेवभाऊंचं शिक्षण तिसऱ्या दिवसापाशी संपलं होतं. ज्या शब्दावरून त्यांनी रूपाचं हसं केलं, त्याच शब्दाशी ते थांबले होते.

या वेळी सरपंचाची जागा खुली होती. पवन उभा राहणार हे ठरलेलंच होतं. तांड्यावरचे दौलतसिंग उभे होते. आणि त्याच शुक्रवारी रूपानंही अर्ज भरला. या वेळी तिच्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चहाच्या टपरीवर ही बातमी पोचली, तेव्हा जगदेवभाऊ म्हणाले, “भरू द्या पोचबाईले. येताना पोच घेऊन ये म्हनाव.” टपरी हसली. सरपंच व्हायची रूपाला हौस नव्हती असं नाही. पण तिला त्याहून जास्त हवी होती ती छाननीच्या खोलीतली एक खुर्ची, आणि त्या खोलीत उमेदवार, सूचक आणि प्रतिनिधी सोडून कोणाला बसू देत नाहीत.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार रूपानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पवननं या दोन दिवसांत दप्तर आणि शिक्का शेजारच्या गावच्या पाटलाकडे देऊन टाकला असता, तर सगळंच संपलं असतं. ती सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या निमित्तानं त्याच्या घरावरून जायची. दारावरची ‘पोलीस पाटील’ लिहिलेली निळी पाटी जागेवर होती. पण पाटी काही पुरावा नव्हे. पाटी काढायचा कंटाळाही असू शकतो.

सोमवारी पवननं डफडं वाजवत, गुलाल उधळत जाऊन अर्ज भरला. सोमवार हाच शेवटचा दिवस होता. आता रूपाला एक कागद हवा होता, ज्यावर पवनची सही असेल, शिक्का असेल आणि सोमवारनंतरची तारीख असेल. खोटी तक्रार लिहायची नाही, हा तिचा कडुनिंबाखालचा नियम होता. तो तिला या कामासाठीही मोडायचा नव्हता. काय लिहावं याचा ती विचार करतच होती, तेवढ्यात सोमवारी दुपारी तिची बकरी खरोखरच हरवली. काळी बकरी, डावा कान पांढरा.

मंगळवारी सकाळी धम्मरत्ननं पायात चपला सरकवल्या. “चाल, नाल्याकडं पाहून येऊ. कोन्या कळपात शिरली असन.”

“थांब.”

“कायले थांब?”

“आधी अर्ज,” रूपा म्हणाली आणि तिनं कार्बन लावून कागद लिहायला घेतला.

धम्मरत्न उभ्या-उभ्या सगळं समजला. “तू बकरी शोधून राह्यली का पवनले?”

“दोघालेबी,” रूपा म्हणाली.

पवनच्या ओसरीत त्याची आई कस्तुराबाई खाटेवर लुगडं अंथरून कुरडया घालत होती. चैत्राचं ऊन अंगणात पांढरं पडलं होतं. तिनं मान वर केली. “काय व पोचबा...” आणि जीभ चावली. “काय व रूपा?”

“पवन हाये का?”

पवन आतून आला. तीस-बत्तीसचा, शांत स्वभावाचा. बापासारखा तो बोलायचाही नाही आणि चालायचाही नाही.

“काय झालं मावशी?”

“बकरी हारपली, बापू. कालपासून नाही.”

“पांढऱ्या कानाची? नालीतून उडी मारते ती?”

“तीच.”

“बरं, पाहतो ना मी. त्याले अर्ज कायले पाह्यजे?”

“अर्ज असला म्हंजे बरं असते. उद्या कोनाच्या खुंट्याले सापडली तं मले बोलाले तोंड राह्यते.”

पवननं कागद हातात घेतला आणि घुटमळला. “पन मावशी, मी तं राजीनामा देला.”

रूपानं आवाज साधा ठेवला. “शिक्का कोनाजवळ हाये?”

“माह्याजवळच हाये. दप्तरबी इथंच हाये. शेजारचे पाटील पोहरादेवीले गेले जत्रेले, ते आल्याबिगर देऊ कोनाले? आबा म्हनले, मंजूर झालं ना, मंग काय घाई हाये.”

“मंग तोवर गावातली बकरी म्या कोनाले सांगाव? साहेबाच्या बंगल्यावर जाऊ?”

पवन हसला. त्यानं रजिस्टर काढलं, नोंद केली, क्रमांक टाकला. “झालं. निघतो मी.”

“पोच दे ना, बापू.”

कस्तुराबाईला हसू आवरेना. कुरडयांचा सोऱ्या हातात धरून ती पदराआड हसत राहिली. पवनचे कान लाल झाले. आईकडे पाठ करून तो हळू म्हणाला, “मावशी, तवा जे झालं ते बरोबर नव्हतं झालं. मी आबाले म्हटलं होतं.”

रूपाला हे ऐकायचं नव्हतं. हे ऐकायला ती आलीच नव्हती.

पवननं दुसऱ्या परतीवर ‘पोच’ असं वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली, शिक्का शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर उमटवला. पोलीस पाटील, मौजे टाकळझरी.

“तारीख टाक,” रूपा म्हणाली.

त्यानं तारीख टाकली.

बुधवारी ऊन कलायच्या आत पवनची मोटारसायकल रूपाच्या दारात थांबली. पुढे टाकीवर, त्याच्या दोन हातांच्या मध्ये, बकरी बसली होती. पांढरा कान वाऱ्यानं उलटा झाला होता. पवनच्या सदऱ्यावर लेंड्या, आणि बाहीवरून लाळ ओघळत होती.

“आसेगावच्या रस्त्यानं मेंढरं जाऊन राह्यली होती, त्यायच्यात शिरली होती,” तो म्हणाला. “मेंढक्या म्हने माहीच हाये. म्या म्हटलं, कान दाखव. मंग मी पोलीस पाटील हाओ म्हून सांगतलं तवा देली त्यानं.”

“म्हून सांगतलं?” रूपानं विचारलं.

“सांगा लागते, मावशी. नाहीतं दिली नसती.”

धम्मरत्ननं त्याला पाणी दिलं, चहा घे म्हणून आग्रह केला. पवन गेल्यावर तो बकरीजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“आता बी करशीन?”

“करीन.”

“त्यानं बकरी आनली व, रूपा. उन्हात फिरून आनली. तुह्या डोक्यात काही माया हाये का नाही?”

“बकरी त्यानं पोलीस पाटील म्हून आनली,” रूपा म्हणाली. “तूच ऐकलं ना? अजून एक पुरावा झाला.”

“त्याच्या बापाचं त्याच्यावर काढून राह्यली तू.”

“बापाचं बापावरच काढून राह्यली मी. पन बाप कोनत्या पदावर नाही ना. त्याचं जे हाये ते पोरात हाये.” ती थांबली. “माह्या पोरीनं दप्तर भिंतीवर मारलं होतं. तवा जगदेवभाऊनं इचारलं होतं का, पोरीनं काय केलं म्हून?”

धम्मरत्न उठून बकरीला पाला आणायला गेला.

गुरुवारी छाननी. खोली तीच होती, पंखाही तोच, आवाज करणारा. अधिकारी मात्र नवे होते. जगदेवभाऊ पवनचे सूचक म्हणून पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. रूपा आत आली तेव्हा ते शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “आली पोच.” दोघे-तिघे हसले. रूपा मागच्या रांगेत बसली आणि तिनं प्लास्टिकची पिशवी मांडीवर ठेवली. पिशवीही तीच होती.

दौलतसिंगांचा अर्ज मंजूर झाला. रूपाचा झाला. मग पवनचं नाव आलं.

“मंजुरीचा आदेश जोडला आहे,” अधिकारी म्हणाले. “कोणाची हरकत?”

“माही हाये,” रूपा उभी राहिली. “साहेब, आदेशाची शेवटची ओळ वाचा जी.”

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. ओठ हलवत ओळ वाचली, मग मोठ्यानं वाचली. पंख्याच्या आवाजात ‘सुपूर्द केल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द खोलीभर गेले. जगदेवभाऊंनी पसरलेले पाय जवळ घेतले.

“चार्ज कधी दिला तुम्ही?” अधिकाऱ्यांनी पवनला विचारलं.

“देला साहेब, देला!” उत्तर जगदेवभाऊंनी दिलं. “कवाच देला. मंजूर झालं त्याच दिवशी.”

“मी त्यांना विचारतोय.”

पवन तोंड उघडणार तेवढ्यात रूपानं पुढे होऊन टेबलावर कागद ठेवला. “हे पोच हाये साहेब. परवाची. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशीची.”

अधिकाऱ्यांनी कागद उजेडाला धरला. शिक्का पाहिला, तारीख पाहिली, आणि कागद पवनपुढे सरकवला. “ही सही तुमची?”

जगदेवभाऊंनी शेजारी बसलेल्या पोराचा गुडघा हळूच दाबलेला रूपानं पाहिला. पवननं कागदाकडे पाहिलं, मग मान वळवून रूपाकडे पाहिलं. ती नजर रूपाला सोसायची होती. तिनं ती सोसली, डोळे खाली घातले नाहीत.

“माहीच हाये,” पवन म्हणाला.

“शिक्का?”

“शिक्काबी. माह्याजवळच हाये अजून.”

“म्हणजे सोमवारी, अर्ज भरताना, टाकळझरीचा पोलीस पाटील कोण होता?”

“मी.”

“कट हाये हा!” जगदेवभाऊ ताडकन उठले, खुर्ची मागे आपटली. “ठरवून केलं या बाईनं! बकरी गिकरी काही हारपलीच नव्हती हिची!”

“हारपली होती, आबा,” पवन खालच्या मानेनं म्हणाला. “मीच आनली ना गाडीवर.”

कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटला आणि निकाल लिहायला घेतला. अर्ज बाद. राजीनामा मंजूर होता, त्यामुळे शिक्का हातातून गेला की पाटीलकीही संपणार होती. उमेदवारीही गेली आणि पदही. रूपानं मनातल्या मनात ही बेरीज केली. पाच वर्षांपूर्वीची तिची बेरीज अगदी तेवढीच होती.

जगदेवभाऊ दाराकडे निघाले, तेव्हा ती त्यांच्या वाटेत उभी होती. मुद्दाम उभी होती.

“जगदेवभाऊ,” ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “मंजूर म्हंजे मंजूर. सुटला म्हंजे सुटला. आधी शिकून या.”

तीन वेळच्या सरपंचक्या त्या खोलीत जगदेवभाऊंच्या काही कामाला आल्या नाहीत. शेवटी ते अधिकाऱ्यांच्या बाबूकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “निकालाची नक्कल द्या मले. मी वर जाईन.”

बाबूनं नक्कल दिली. मग रोजच्या सवयीनं दुसरी परत पुढे केली आणि बोटानं जागा दाखवली. “इथं सही करा काका. पोच म्हणून.”

या वेळी मात्र सगळी खोली हसली. शिपाई पाण्याचा ट्रे दारातच धरून उभा राहिला होता, तोही हसला. जगदेवभाऊंनी सही केली. नावातला ‘व’ ओळीच्या बाहेर गेला. रूपानं तो ‘व’ नीट पाहून घेतला. घरी जाताना बसमध्ये तिनं तो पुन्हापुन्हा आठवला, आणि दरवेळी तिला तितकंच बरं वाटलं.

शनिवारी सकाळी पवन आला. पायी आला. खांद्याला दप्तराची पिशवी, काखेत रजिस्टर. धम्मरत्न कामावर गेला होता. रूपा बकरीला पाणी दाखवत होती.

“शेजारचे पाटील आले पोहरादेवीहून,” तो म्हणाला. “उद्या सकाळी चार्ज देतो. तुही एकच तक्रार उघडी राह्यली, मावशी. बकरी भेटली म्हून सही दे.”

रूपानं हात पुसले आणि त्याला खाट दाखवली. तो बसला नाही.

“एक इचारू?”

“इचार.”

“शनिवारी तुले ठाऊक होतं का?”

“शुक्रवारीच.”

“एक शब्द सांगतला असता तं मी गाडी काढून पोहरादेवीले गेलो असतो. तिथंच देला असता शिक्का.”

“हो,” रूपा म्हणाली. “म्हूनच नाही सांगतला.”

पवननं मान हलवली. रागानं नव्हे. एखादं गणित कुठं चुकलं ते सापडल्यासारखी. “म्या काय केलं होतं, मावशी?”

रूपानं खरं उत्तर शोधलं. या पोरापाशी खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही. “काहीच नाही. म्याबी काही केलं नव्हतं.”

बकरीनं दोघांच्या मधून जाऊन पवनच्या पिशवीचं टोक चघळायला सुरुवात केली. त्यानं तिचं तोंड हळूच बाजूला केलं आणि रजिस्टर उघडून धरलं. रूपानं चष्मा लावला, आणि सवयीनं खालच्या ओळीपासून वर वाचत गेली. पवन थांबला. तिला वाचायला लागेल तेवढा वेळ तो थांबला. मग तिनं सही केली.

“याची पोच मले,” ती म्हणाली.

“आता?” पवन दचकला. त्याचा हात पिशवीकडे गेला आणि मध्येच थांबला. “नाही, मावशी. आता शिक्का मारायचंच भेव वाटते. अजून कोनी हरकत घेईन.”

“चार्ज देला का?”

“उद्या देतो.”

“मंग आज पाटील कोन?”

पवननं हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं.

“दिला तो एक दिवस, पोचला तो दुसरा, मंजूर झाला तो तिसरा,” रूपा बोटं मोजत म्हणाली, कडुनिंबाखाली बायांना सांगायची त्याच सुरात. “आन सुटला तो चौथा. तुहा चौथा दिवस उद्या हाये. आज तूच पाटील. मार.”

पवननं पिशवीतून शाईची डबी काढली. गुडघ्यावर रजिस्टर टेकवून कागदाच्या तुकड्यावर ‘पोच’ लिहिलं, सही केली, आणि गावच्या पाटीलकीचा शेवटचा शिक्का मारला. शाई सुकत आली होती, शिक्का फिका उमटला.

रूपानं कागद घेतला, उन्हात धरून पाहिला, आणि परत त्याच्यापुढे केला.

“अजून एकदा दाब,” ती म्हणाली. “आन तारीख टाक.”